घरातले इंटरनेट बंद पडते तेव्हा

कला शाखेच्या विद्यार्थ्याने तारा, दिवे आणि यंत्रे यांविषयी लिहावे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. प्राध्यापकांना कदाचित हसूही येईल. पण हा लेख मी हौसेने लिहीत नाही. एका रात्री माझ्या अज्ञानाने, आणि त्याहून अधिक माझ्या ऐटीने, घरच्यांचे जे नुकसान होता होता राहिले, त्याची ही एक प्रकारे परतफेड आहे. आपल्यापैकी बहुतेकजण आसपासच्या खेड्यांतून येतात, आणि आता घरोघरी संगणक नसला तरी वाय-फायचा डबा आला आहे. तेव्हा माझी फजिती इतरांच्या उपयोगी पडावी, एवढाच हेतू.

आमचे घर करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीचे. विमानतळ जवळ, गांधीनगरची कापडपेठ जवळ. त्या पेठेत माझे वडील एका दुकानात कामाला आहेत. गेल्या वर्षी दिवाळीनंतर माझ्या धाकट्या बहिणीला एका शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. शेवटची तारीख, मुदत रात्री बारापर्यंत. उत्पन्नाचा दाखला सायंकाळी हातात आला, आणि जेवणे उरकून आम्ही संगणकापुढे बसलो, तो इंटरनेट बंद!

मी काय केले ते क्रमाने सांगतो. संगणक चार वेळा बंद करून चालू केला. वाय-फायचा संकेतशब्द पुन्हा पुन्हा घातला. मग रागाच्या भरात डब्याच्या पाठीमागच्या बारीक भोकात सुई घालून आतले बटन दाबून धरले. सगळे दिवे विझले, पुन्हा लागले. एक लाल दिवा मात्र पहिल्यापासून लुकलुकत होता, त्याच्याकडे मी लक्षच दिले नाही. बारा वाजले. बहीण कागद आवरून झोपायला गेली. आबा ओसरीवर बसून होते. ते एक शब्दही बोलले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तारेचे काम करणारा माणूस आला. आत येताच त्याने विचारले, “हा लाल दिवा कवापासनं लागलाय?”

“काल सांजेपासून.”

“मग रातभर काम्प्युटरसंगं का झटत बसलास? दिवा सांगत हुता न्हवं, उजेडच येत न्हाई म्हणून! काल घरात काय हलवलंसा?”

तेव्हा आठवले. आदल्या दिवशी दुपारी आईने आणि मी लोखंडी कपाट भिंतीकडे सरकवले होते. त्याच्या पायाखाली ती बारीक पिवळी तार दबून काटकोनात मुडपली होती. त्याने कपाट ओढले, तार मोकळी केली, लाल दिवा गेला. पाच मिनिटांचे काम. पण इंटरनेट काही सुरू होईना, कारण मी सुईने डब्यातली सगळी मांडणी पुसून टाकली होती. आमचे नाव, संकेतशब्द, सारेच गेले होते. ते कचेरीतून पुन्हा मिळवून भरायला दुपार झाली. म्हणजे मूळ बिघाड पाच मिनिटांचा, आणि माझ्या उपचाराने झालेला बिघाड अर्ध्या दिवसाचा!

पुढे त्या अर्जाची मुदत आठ दिवसांनी वाढली म्हणून निभावले. दरवेळी मुदत वाढतेच असे नाही. त्यानंतर मी त्या माणसाला, गावातल्या जाणत्या मुलांना आणि पुस्तकांना विचारत विचारत जे शिकलो, ते येथे मांडतो.

पाटाच्या कडेने चालावे

शेतात पाणी पोहोचले नाही तर आपण काय करतो? वाफ्याकडे पाहत बसत नाही. पाटाच्या कडेने चालत जातो. वाफ्यापर्यंत ओल आहे का, वरच्या बांधाला पाट फुटला आहे का, मोटार चालू आहे का, आणि मोटार चालू असून पाणी नसेल तर नदीतच पाणी आहे का. इंटरनेटचेही तसेच. संगणक हा वाफा. तेथून वाय-फाय, मग डबा, मग डब्यात शिरणारी काचेची तार, मग गल्लीतली पेटी, मग कंपनीची कचेरी, आणि शेवटी दूरवरचे ते संकेतस्थळ. बिघाड या वाटेवर कोठेतरी एका जागी असतो. ती जागा शोधणे हेच खरे काम, दुरुस्ती त्यामानाने सोपी. आणि मी काय केले होते? पाट वरच फुटलेला असताना वाफा उकरत बसलो होतो.

चालायला लागण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला : शेवटी काय बदलले? कपाट हलवले, नवा पंखा लावला, भिंतीला खिळा ठोकला, वीज जाऊन आली, की महिन्याचे पैसे भरायचे राहिले? या शेवटच्या प्रश्नाने निम्मी लाज वाचते. आमच्या गल्लीत एका घरी तासभर तारा तपासून झाल्यावर कळले की मुदत आदल्या दिवशीच संपली होती.

दुसरा प्रश्न : बंद माझे एकट्याचे आहे की सगळ्यांचे? घरातला मोबाईल त्याच वाय-फायवर चालत असेल, तर दोष संगणकात. मोबाईलही चालत नसेल, तर दोष डब्यात किंवा त्याच्या पलीकडे. शेजारी त्याच कंपनीची जोडणी असेल आणि तीही बंद असेल, तर आपल्या घरात काहीही शोधू नये.

तिसरा प्रश्न : एकच संकेतस्थळ उघडत नाही, की कोणतेच नाही? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी रात्री नऊनंतर फेसबुक आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद होते. चूक त्या कंपनीच्याच जाळ्यात झाली होती. त्या रात्री आम्ही घरातला डबा किती वेळा बंद-चालू केला असेल, ते सांगायला नको. बाकीची संकेतस्थळे उघडत होती, एवढे पाहिले असते तर झोप मिळाली असती.

दिव्यांची भाषा

आता डबा. त्यावरचे दिवे शोभेसाठी नसतात. पहिला दिवा विजेचा. तो लागत नसेल तर अडॅप्टर पाहावा. बहुतेक डबे १२ व्होल्टवर चालतात. जुना झालेला अडॅप्टर पुरती वीज देत नाही, मग डबा मधूनच आपोआप बंद होऊन सुरू होतो आणि आपण कंपनीला दोष देतो. दुसऱ्या डब्याचा अडॅप्टर लावताना व्होल्टचा आकडा तोच हवा, आणि अँपिअरचा आकडा मूळ अडॅप्टरइतका किंवा जास्त हवा. नाहीतर डबा जळतो.

दुसरा दिवा ‘पॉन’ नावाचा. तो हिरवा आणि स्थिर असेल तर कचेरीशी बोलणे चालू आहे. लुकलुकत असेल तर डबा हाका मारतो आहे, पण ओळख पटलेली नाही. तिसरा ‘लॉस’. हा साधारणपणे विझलेलाच असावा. तो लाल झाला की समजावे, तारेतून उजेड येत नाही. मग संगणकावर कितीही डोके आपटले तरी व्यर्थ. चौथा दिवा इंटरनेटचा. पॉन हिरवा आहे, लॉस विझलेला आहे, आणि तरी इंटरनेटचा दिवा लागत नाही किंवा लाल आहे, तर तार चांगली, पण खाते बंद. म्हणजे पैसे संपले किंवा नाव-संकेतशब्द चुकला. सुईच्या प्रतापानंतर आमच्या घरी हीच अवस्था होती.

‘उजेड येत नाही’ हे शब्द अक्षरशः खरे आहेत. त्या पिवळ्या तारेत तांबे नाही, काच आहे. काचेचा मधला गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. या गाभ्यात शिरलेला प्रकाश कडेला आपटून पुन्हा आत वळतो आणि असा मैलोन्मैल पुढे जातो. वाकवलेल्या काचेतून प्रकाश नेण्याचे काम पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ साली लंडनमध्ये करून दाखवले. काच पुरेशी शुद्ध केली तर प्रकाश फार दूर पाठवता येईल, हे चार्ल्स काव यांनी १९६६ साली मांडले. त्यासाठी त्यांना २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण तार फार मुडपली की प्रकाश कडेने बाहेर सांडतो. म्हणून ती हाताच्या बोटाभोवती गुंडाळू नये, खिळ्याला ताणून बांधू नये, दाराच्या फटीतून नेऊ नये. कपाटाचे तर बोलायलाच नको.

डब्यापर्यंत येणारा प्रकाश किती मंद असतो हे कळल्यावर मला आश्चर्य वाटले. चांगल्या जोडणीत तो उणे २० डीबीएमच्या आसपास असतो, म्हणजे एका मिलिवॅटचा शंभरावा भाग. दर तीन अंकांना तो निम्मा होतो. उणे २७ च्या खाली गेला की डब्याला तो नीट ओळखू येत नाही, आणि जोडणी लागते-तुटते. डब्याच्या आतल्या पानावर हा आकडा पाहता येतो. एक इशारा मात्र देतो. तारेचे टोक काढून डोळ्यापुढे धरू नये. हा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही. पण दिसत नाही म्हणजे नाही, असे नव्हे. टोकाला बोटही लावू नये, बोटाचा तेलकटपणासुद्धा त्या गाभ्याला पुरून उरतो.

बंद करून चालू करण्याचे शास्त्र

डबा बंद करून चालू करणे हा आपला आवडता उपाय. त्यात तथ्य आहे. डबा हा छोटा संगणकच. किती यंत्रांना कोणता पत्ता दिला याच्या नोंदी तो आठवणीत ठेवतो. दिवसेंदिवस चालून त्या नोंदींत घोळ झाला की नव्याने सुरुवात करणे बरे पडते. पण पद्धत हवी. वीज पूर्ण बंद करावी, एक मिनिट थांबावे, मग चालू करून तीन मिनिटे काहीही न करता दिवे पाहावेत. ती तीन मिनिटे आपल्याला धीर निघत नाही, हा खरा बिघाड. आणि सुईचे बटन? ते ‘बंद-चालू’ नव्हे, ते सारे ‘विसरून जा’ आहे. कचेरीतून सांगितल्याशिवाय त्याला हात लावू नये.

वाय-फाय म्हणजे इंटरनेट नव्हे

मोबाईलवर वाय-फायची चारही वर्तुळखंडे भरलेली दिसतात, आणि तरी काही उघडत नाही. याचा अर्थ एवढाच की वाफ्यापासून घरातल्या हौदापर्यंत पाट ठीक आहे. हौदात पाणी आहे की नाही ते कळत नाही. उलट हौद भरलेला असून मागच्या खोलीत थेंब येत नाही, असेही होते. आमच्या चुलत्यांचे जुने घर दगडी भिंतींचे. डबा पुढच्या सोप्यात लोखंडी कपाटावर, आणि अभ्यासाची खोली दोन भिंती ओलांडून मागे. लोखंड वायुलहरी परतवते आणि जाड भिंत त्या गिळते. डबा मधल्या खोलीत, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, मोकळ्या जागी लावला आणि काम झाले.

वाय-फायचे दोन पट्टे नेहमी भेटतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लांब जातो, भिंती बऱ्यापैकी ओलांडतो, पण त्यात गर्दी फार. तेथे एकमेकांत न मिसळणाऱ्या वाटा तीनच : १, ६ आणि ११. दाट वस्तीत सगळे डबे एकाच वाटेवर आले तर वेग मंदावतो. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हात टेकतो. डब्याच्या जवळ बसणार असाल तर दुसरा, दूर असाल तर पहिला, असा नियम ठेवावा. आणि शंका असेल तेव्हा डब्यातून संगणकात सरळ तार लावून पाहावी. तारेने चालले तर दोष वाय-फायचा. निकाल एका मिनिटात.

संगणकाला तीन प्रश्न

मोबाईल चालतो, शेजारी चालते, पण संगणक चालत नाही. आता तपास संगणकाचा. विंडोजमध्ये काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ असा हुकूम दिला की संगणकाचा पत्ता दिसतो. (हुकूम आणि आकडे अर्थातच इंग्रजीत टंकावेत.) पत्ता १९२.१६८ ने सुरू झाला तर बहुधा ठीक. १६९.२५४ ने सुरू झाला तर डब्याने संगणकाला पत्ता दिलाच नाही, आणि संगणकाने आपल्या मनानेच एक घेतला आहे. मग वाय-फाय तोडून पुन्हा जोडावे किंवा डबा पद्धतशीर बंद-चालू करावा.

पत्ता ठीक असेल तर ‘पिंग’ हा हुकूम वापरावा. पाणबुड्या शोधताना ध्वनी सोडून प्रतिध्वनी ऐकतात, त्यावरून माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेल्या कार्यक्रमाला हे नाव दिले. आपण हाक मारायची, ओ येते का पाहायचे. पहिली हाक डब्याला : त्याच खिडकीत ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे लिहिलेला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१. ओ आली नाही तर दोष घरातच. दुसरी हाक बाहेर : ८.८.८.८. डब्याची ओ येते पण येथून येत नाही, तर दोष डब्याच्या पलीकडे. तिसरी हाक एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. आकड्याला ओ येते, पण नाव सापडत नाही म्हणून उत्तर मिळते, तर दोष नामसूचीचा.

नामसूची म्हणजे काय? यंत्रे एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, माणसे नावांनी. सुरुवातीच्या काळात सर्व नावांची एकच यादी अमेरिकेत एका ठिकाणी ठेवली जाई. यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ती वाटून ठेवण्याची रीत काढली. कंपनीची नामसूची बंद पडली असेल तर संगणकात ८.८.८.८ किंवा १.१.१.१ या सार्वजनिक सूचीचा पत्ता भरला की काम चालते.

एक अनुभव सांगण्यासारखा आहे. गल्लीतल्या एका काकींच्या घरी जुना संगणक. तिन्ही हाकांना ओ येत होती, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ म्हणून दार लावून घेत होते. काकी म्हणाल्या, “विषाणू शिरला असंल बघ.” मीही घाबरलो. मग सहज कोपऱ्यातल्या घड्याळाकडे लक्ष गेले. संगणकाच्या मते साल होते २०१२! संकेतस्थळे आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवतात, आणि त्यावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’ असे लिहिलेले असते. २०१२ सालात अडकलेल्या संगणकाला आजचे प्रमाणपत्र भविष्यकाळातले, म्हणून खोटे वाटत होते. संगणकाच्या आत रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते, सीआर २०३२ नावाची; २० म्हणजे व्यास मिलिमीटरमध्ये, ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. ती संपली की वीज जाताच संगणक तारीख विसरतो. बॅटरी बदलली, तारीख लावली, आणि काकींचा ‘विषाणू’ पळाला.

जे आपल्या हातात नाही

काही बिघाड घराबाहेरचे. कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उंच भरलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरून जातात, आणि खाली लोंबणारी तार त्यात अडकून तुटते. रस्ता खोदताना जेसीबी तार उचलून टाकतो. याहून दूरचेही असते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन मोठ्या केबली तुटल्या, आणि भारतातले इंटरनेट कित्येक दिवस मंदावले. कधी बंद हा आदेशानेच असतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणावाच्या काळात प्रशासनाने इंटरनेट सेवा थांबवली होती. अशा वेळी घरातला डबा निर्दोष असतो.

तक्रार करताना मात्र ‘नेट चालत नाही’ एवढे सांगू नये. किती वाजल्यापासून, कोणता दिवा कसा, शेजारी चालते का, तारेने पाहिले का, हे चार मुद्दे कागदावर लिहून मग फोन करावा आणि तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा. डॉक्टरकडे गेल्यावर आपण ‘बरे नाही’ एवढेच म्हणत नाही.

वारणेचा धडा

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले, तेव्हा ते मोठ्या शहरांपुरते होते. पण आपल्या जिल्ह्याने फार वाट पाहिली नाही. १९९८ साली वारणा परिसरातील कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या ७० गावांत संगणक पोहोचवण्याची योजना सुरू झाली. ऊस उत्पादकाला आपल्या उसाची नोंद, तोडणीची पाळी, हिशेब गावातच कळावा, हा हेतू. पुढे तेथेच ७ गावांत एक प्रयोग झाला. संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशांवर तेच काम करून पाहिले. आठ महिन्यांत आढळले की ते काम स्वस्तात आणि सोयीने होते, आणि शेतकऱ्यांनाही तेच अधिक आवडते.

मला यातून जो धडा मिळाला तो माझ्या त्या रात्रीला लागू पडतो. महत्त्व यंत्राला नाही, कामाला आहे. त्या रात्री शेजारच्या काकींकडे वाय-फाय चालू होते. त्यांच्या मुलाच्या मोबाईलवरून अर्ज अर्ध्या तासात भरता आला असता. बिघाड दुसऱ्या दिवशी शोधला असता तरी चालले असते. पण ‘आमच्या पोराला संगणकातलं सगळं कळतं’ असा घरात माझा लौकिक होता. तो लौकिक सांभाळण्याच्या नादात मी शेजारचे दार वाजवले नाही. तेव्हा सर्वांत पहिला नियम मी शेवटी सांगतो : मुदत जवळ असेल तर आधी दुसऱ्या वाटेने काम उरका, मग बिघाडाच्या मागे लागा.

आता डब्याशेजारी भिंतीला एक वही टांगलेली आहे. जोडणीचे नाव, संकेतशब्द, कंपनीचा फोन, पैसे भरल्याची तारीख, आणि कोणता दिवा कधी कसा होता, हे तिच्यात लिहिलेले असते. अक्षर बहिणीचे आहे. परवा मी घरी पोहोचलो तेव्हा इंटरनेट बंद पडून सुरूही झाले होते. आबांनीच दिवा पाहिला होता, डब्याची वीज बंद करून मिनिटभर थांबले होते, आणि पुन्हा चालू केली होती. वहीत त्यांनी तशी नोंदही केली होती. मी वाचून वही जागेवर टांगली. ते या वेळीही काही बोलले नाहीत, पण हसत होते.